डाग काढा, माणूस नको: युद्धकाळातल्या राजनैतिक भेटीचा फोटो दुरुस्त करताना

जुना फोटो काही सेकंदांत ‘नवा’ करून देणारी ॲप्स आता ढिगाने आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मित्रराष्ट्रांचे तीन नेते जिथे भेटले त्या याल्टा परिषदेचा प्रसिद्ध फोटो त्यातल्या एखाद्या ॲपमध्ये टाकून बघा. चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन क्रिमियातल्या लिवाडिया राजवाड्याच्या अंगणात गालिच्यांवर मांडलेल्या खुर्च्यांत बसलेत, मागे अधिकारी उभे आहेत. ॲप रूझवेल्ट यांचे खपाटीला गेलेले गाल भरून काढतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसतं आणि स्टालिनची कातडी संगमरवरासारखी गुळगुळीत करून ठेवतं. फोटो देखणा होतो आणि त्याच क्षणी खोटाही होतो. ४ ते ११ फेब्रुवारी १९४५ या परिषदेच्या दिवसांत रूझवेल्ट खरोखरच तसे दिसत होते आणि १२ एप्रिलला त्यांचं निधन झालं. त्या गालांवरची सावली म्हणजे फोटोवर पडलेला डाग नव्हे. फोटो जपून ठेवायचं ते एक मोठं कारण आहे.

म्हणून या कामाचा एकच नियम धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. कागदाला किंवा फिल्मला जी इजा झाली ती काढायची, कॅमेऱ्यासमोर जे होतं त्याला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्ष पडद्यावर दोनशे टक्के झूम केल्यावर धुळीचा कण कुठला आणि गणवेशावरचं बटण कुठलं, हे ठरवताना कस लागतो. उदाहरण याल्टाचं घेतलंय, कारण त्या प्रसंगाचे बरेच फोटो उपलब्ध आहेत आणि ताडून पाहता येतात. पण तेहरान, कैरो, पॉट्सडॅम अशा कुठल्याही भेटीच्या फोटोला हीच पद्धत लागू पडते.

आधी हातातली प्रत कितव्या पिढीची ते ओळखा

निगेटिव्हपासून जितकं दूर जाल तितका तपशील कमी होत जातो. मूळ निगेटिव्ह, त्यावरून काढलेला प्रिंट, त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून बनवलेली कॉपी-निगेटिव्ह, वर्तमानपत्रासाठी तारेने पाठवलेला फोटो, छापील कात्रण अशी उतरंड असते. कात्रणावर तासन् तास घालवण्याआधी वरच्या पायरीवरची प्रत मिळते का ते बघा. अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरच्या छायाचित्रकारांचं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अमेरिकन सरकारी नोकरांनी नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंना अमेरिकेत कॉपीराइट नसतो. अशा संग्रहातून मोठी टिफ फाइल (तपशील न गमावता साठवलेली) मिळत असेल, तर इंटरनेटवर दहा वेळा दाबून-चेपून फिरलेली जेपेग उचलायचं काहीच कारण नाही.

हातात कागदी प्रिंट असेल तर भिंग घेऊन बसा. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील कात्रण आहे. बारीक समांतर रेघा दिसल्या तर तारेने पाठवलेला फोटो. असोसिएटेड प्रेसची वायरफोटो सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली होती, त्यामुळे युद्धातल्या बातम्यांचे असे प्रिंट विपुल सापडतात. जाळीही नाही, रेघाही नाहीत, फक्त चांदीचे अनियमित कण दिसतात, तर तो डार्करूममधला खरा प्रिंट, म्हणजे जिलेटिन सिल्व्हर प्रिंट.

तो युद्धकाळातच काढलेला की नंतर, हेही बऱ्यापैकी कळतं. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा झळाळला, तर त्यात चमक वाढवणारं रसायन आहे, आणि फोटोच्या कागदात ते साधारण १९५० नंतर येऊ लागलं. म्हणजे प्रिंट नंतरचा. झळाळला नाही म्हणून तो जुनाच, असं मात्र सिद्ध होत नाही. प्लास्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद तर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा, त्यामुळे असा प्रिंट १९४५ चा असूच शकत नाही. नंतरचा प्रिंट वाईट असतो असं नाही. चांगल्या निगेटिव्हवरून सावकाश काढलेला उशिराचा प्रिंट, प्रेसच्या घाईत काढलेल्या प्रिंटपेक्षा कितीतरी सरस असू शकतो. फक्त आपण काय दुरुस्त करतोय ते माहीत हवं.

आणि प्रिंट उलटा करून बघा. मागच्या बाजूला चिकटवलेली टंकलिखित ओळ, सेन्सॉरचा शिक्का, फोटो क्रमांक, संपादकाने पेन्सिलने लिहिलेली मापं असा अर्धा इतिहास तिथेच असतो. मागची बाजूही तितक्याच काळजीने स्कॅन करायची. तिथल्या तारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. बऱ्याचदा ती फोटो काढल्याची नसून प्रसिद्धीला सोडल्याची असते. नावांचंही तेच. याल्टाच्या एकामागून एक फ्रेममध्ये मागे उभी असलेली माणसं बदलतात, कुठे ईडन, स्टेटिनियस आणि मोलोटोव्ह हे परराष्ट्रमंत्री, तर कुठे लष्करी अधिकारी. एका फ्रेमच्या ओळी दुसऱ्या फ्रेमला चिकटलेल्या सर्रास सापडतात.

हाताळणी

दुरुस्ती डिजिटल असली तरी सगळ्यात मोठं नुकसान कॉम्प्युटर सुरू होण्याआधी होतं. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे धागे सोडतात आणि फाटक्या कडेत अडकतात. धूळ रबरी फुंकणीने उडवा. मऊ ब्रश वापरायचा तर फोटोच्या मध्यापासून कडेकडे, आणि इमल्शन (चित्र धरून ठेवणारा वरचा थर) उचकटलेलं असेल तिथे अजिबात नाही. पाणी, स्पिरिट, खोडरबर, कापसाचा बोळा यातलं काहीही चित्राच्या बाजूला लावायचं नाही. गुंडाळी झालेला प्रिंट जोर लावून सपाट केला की इमल्शनला तडे जातात. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायला जाऊ नका. काचेसकटच स्कॅन करा किंवा कॅमेऱ्याने टिपा. चिकटपट्टी जुनी असो की नवी, सोलायची नाही आणि नव्याने लावायचीही नाही.

निगेटिव्ह असेल तर कडेवर काय छापलंय ते वाचा. ‘सेफ्टी’ असं असेल तर ती ॲसिटेट फिल्म. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, फिल्मचा प्लास्टिकचा पाया आक्रसून इमल्शनवर नाल्यांसारख्या सुरकुत्या पडल्या असतील, तर ऱ्हास सुरू झालेला आहे आणि स्कॅन करायला उशीर परवडणार नाही. ‘नायट्रेट’ लिहिलेलं असेल, किंवा फिल्म पिवळी-तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची झाली असेल, तर घरी काहीही करू नका. नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते, एकदा पेटली की बाहेरचा प्राणवायू तोडला तरी जळत राहते. ती बाकीच्या संग्रहापासून आणि उष्णतेपासून लांब ठेवा आणि अभिलेखागाराशी किंवा छायाचित्र-संवर्धकाशी बोला.

स्कॅन: एकदाच, पण पुरेपूर

काळा-पांढरा फोटो आहे म्हणून ग्रेस्केलमध्ये स्कॅन करण्याचा मोह टाळा. प्रिंट ४८-बिट रंगीत मोडमध्येच स्कॅन करायचा. कारण पुढे येतंच आहे, पण थोडक्यात सांगायचं तर डागांना रंग असतो आणि तो रंगच आपल्याला डाग वेगळा काढायला मदत करतो. आठ बाय दहा इंचाचा प्रिंट ६०० पीपीआयला (दर इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केला तर ४८०० बाय ६००० पिक्सेलची, जवळपास १७३ एमबीची फाइल होते. तेवढी पुरते. सिग्नल कोअरचे छायाचित्रकार चार बाय पाच इंचाचे स्पीड ग्राफिक कॅमेरे वापरत. त्या आकाराची निगेटिव्ह २४०० पीपीआयला १६-बिटमध्ये घ्या. ३५ मिमीची छोटी निगेटिव्ह असेल तर त्याहून जास्त रिझोल्यूशन लागेल.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग, ऑटो-लेव्हल्स, ‘रंग परत आणा’ वगैरे सगळं बंद. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोयसुद्धा बंदच. चांदीचं चित्र इन्फ्रारेड प्रकाशही अडवतं, त्यामुळे स्कॅनरला चर्चिलचा कोटच धूळ वाटतो. हिस्टोग्रामची (गडद-उजळ छटांच्या आलेखाची) दोन्ही टोकं कापली जात नाहीत ना, ते बघा. प्रिंटच्या चारही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवून कडेसकट स्कॅन करा. फाइल टिफमध्येच जपा.

घड्या आणि सुरकुत्यांसाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती अजूनही कुठल्याही फिल्टरपेक्षा चांगली चालते. फ्लॅटबेड स्कॅनरचा प्रकाश बहुधा एका बाजूने पडतो, म्हणून घडीच्या एका अंगाला सावली आणि दुसऱ्या अंगाला चकाकी येते. प्रिंट १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घ्या, तो सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि वरच्या लेयरची (थराची) अपारदर्शकता ५० टक्के करा. सावली आणि चकाकी एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. नुसती घडी असेल तर ती जवळजवळ नाहीशी होते. इमल्शनच तुटलेलं असेल तिथे मात्र हाताने काम करावं लागतं.

गडद भागात, विशेषतः कडांना, निळसर धातूसारखी चमक आलेली असेल तर ती चांदी पृष्ठभागावर आलेली आहे. फ्लॅटबेडवर ती राखाडी धुक्यासारखी उमटते. अशा वेळी स्कॅनर सोडा. प्रिंट सपाट ठेवून कॅमेऱ्याने टिपा, दोन्ही बाजूंच्या दिव्यांवर ध्रुवीकरण फिल्टर लावा आणि लेन्सवरचा फिल्टर त्यांच्याशी काटकोनात फिरवा. चमक पुष्कळ कमी होते.

डावं-उजवं तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन झाली, किंवा कधीकाळी कुणी उलटी छापली, तर आख्खी परिषद आरशात गेल्यासारखी होते आणि दाढी-मिशा तशाच असल्यामुळे पटकन लक्षात येत नाही. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. पदकांच्या फिती छातीच्या डाव्या बाजूला असतात. याल्टाच्या बाबतीत आणखी एक खूण आहे: पाहणाऱ्याच्या डावीकडून चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिन असा क्रम आहे. नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ च्या तेहरान परिषदेच्या प्रसिद्ध फोटोत तो बरोबर उलटा आहे, डावीकडे स्टालिन आणि उजवीकडे चर्चिल. म्हणजे उलटा छापलेला याल्टाचा फोटो क्रमाने तेहरानचा वाटू शकतो. त्यामुळे नुसता क्रम न बघता पार्श्वभूमी आणि कपडेही ताडून बघा.

उजळपणा आणि डागांचा रंग

फोटोशॉप वापरा, गिम्प वापरा, तत्त्व तेच. मूळ स्कॅन सगळ्यात खालच्या लेयरवर, कुलूप लावून. त्याच्या वर साफसफाईचे रिकामे लेयर. सगळ्यात वर उजळपणाचे समायोजन-लेयर. हा क्रम उलटा केला तर नंतर कर्व्ह (उजळपणा ठरवणारी वक्र रेष) थोडी हलवली तरी तुमची सगळी ठिगळं उघडी पडतात.

आता रंगीत स्कॅनचा उपयोग. लाल, हिरवी आणि निळी वाहिनी (चॅनल) वेगवेगळी उघडून बघा. पिवळा किंवा तपकिरी डाग निळ्या वाहिनीत काळाकुट्ट दिसतो आणि लाल वाहिनीत जवळजवळ गायब होतो. चहा-पाण्याचे, डिंकाचे, जुन्या चिकटपट्टीचे डाग असलेल्या प्रिंटवर लाल वाहिनी घेऊन काम सुरू केलं की अर्धी लढाई तिथेच संपते. संपादकाने लाल मेणपेन्सिलीने काढलेली कापायची खूणही लाल वाहिनीत फिकी पडते, आणि निळ्या शाईच्या शिक्क्याचा ओघळ निळ्या वाहिनीत. पण उलटा प्रकारही असतो. डाग नाही, तर चित्रच फिकट होऊन पिवळं पडलंय अशी प्रत असेल, तर लाल वाहिनीत चित्र आणखी पुसट होईल. तिथे निळी वाहिनी जास्त कॉन्ट्रास्ट देते. एकाच प्रिंटमध्ये दोन्ही प्रकार असतील, तर मास्क लावून (नको तो भाग झाकून) भागाभागाने वाहिन्या मिसळायच्या.

कर्व्ह लावताना हात आखडता ठेवा. सगळ्यात गडद बिंदू शुद्ध काळा आणि सगळ्यात उजळ बिंदू शुद्ध पांढरा केलाच पाहिजे असं नाही. फेब्रुवारीतलं अंगण आहे, तिथला उजेड मऊच असणार. कोटाच्या घड्या आणि टोप्यांखालचे चेहरे दिसत राहतील इतपतच कॉन्ट्रास्ट वाढवा.

धूळ, ओरखडे आणि ‘हे नक्की काय आहे?’

साफसफाई सुरू करण्याआधी सगळ्यात वर एक तात्पुरता कर्व्ह-लेयर ठेवा आणि त्याची रेष वर-खाली-वर अशी नागमोडी करा. चित्र भयाण दिसेल, पण एरवी न दिसणारे डाग, बुरशीचे फिकट गोल, तुमच्याच क्लोनिंगच्या (शेजारचा तुकडा उतरवून डकवण्याच्या) कडा ठळक उठून येतील. मधूनमधून हा लेयर चालू करून बघा, काम संपलं की काढून टाका.

पडद्यावर शंभर टक्के झूम ठेवा आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून चौकोनाचौकोनाने पुढे सरका. मन मानेल तिथे उड्या मारल्या की काही भाग तीनदा साफ होतो आणि काही एकदाही नाही. धूळ, ओरखडे, घड्या, डाग यांना स्वतंत्र लेयर द्या म्हणजे पुढे एखादा प्रकार मागे घेता येतो.

प्रत्येक खूण मिटवण्याआधी ती कुठून आली ते विचारायचं, आणि रंगावरून बरंच कळतं. निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रिंटवर पांढरी उमटते. फोटो काढतानाच कॅमेऱ्यात फिल्मवर कण असेल तर तो प्रिंटवर काळा. निगेटिव्हच्या इमल्शनवर ओरखडा पडून चांदी खरवडली गेली असेल तर काळी रेघ, आणि मागच्या पायावर ओरखडा असेल तर बहुधा पांढरी. ही माहिती शोभेची नाही. रूझवेल्टच्या बोटांत सिगारेट आहे. छोट्या प्रतीत ती एक बारीक पांढरी रेघ असते आणि निगेटिव्हच्या पायावरच्या ओरखड्यासारखीच दिसते. स्टालिनच्या खांद्यावरचा मार्शलचा तारा, बटणांवरची चकाकी, चष्म्याच्या काचेवरचा ठिपका, या सगळ्यांना हीलिंग ब्रशचा (डाग शेजारच्या पोताने बुजवणाऱ्या साधनाचा) एक फटका पुरतो आणि मग त्या परत येत नाहीत.

शंका आली की तुलना करा. त्याच निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रिंटवर खूण नसेल, तर ती तुमच्या प्रिंटवरची इजा आहे, खुशाल काढा. सगळ्या प्रिंटवर आहे पण शेजारच्या फ्रेममध्ये किंवा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोत नाही, तर ती निगेटिव्हवरची. आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत त्याच जागी दिसते, तर ती त्या अंगणातच होती. राजनैतिक भेटीत एकाच वेळी बरेच कॅमेरे असतात, त्यामुळे ही तुलना घरगुती फोटोपेक्षा इथे कितीतरी सोपी जाते.

आकाश, भिंत, साधा कोट अशा मोकळ्या भागात हीलिंग ब्रश छान चालतो. गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर तो दुसऱ्या बाजूचा रंग ओढून घेतो आणि धुरकट फासटा तयार होतो. तिथे क्लोन स्टॅम्प घ्या, ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा, आणि नमुना अगदी शेजारून, त्याच कडेच्या दिशेने. गालिच्यांवर सगळ्यात जास्त वेळ जातो. नक्षी आहे म्हणून दुसऱ्या टोकाकडून तुकडा आणून डकवावासा वाटतो, पण कॅमेऱ्यापासून दूर जाताना नक्षी लहान होत जाते, त्यामुळे लांबून आणलेला तुकडा बसत नाही. त्याच आडव्या पट्ट्यातून नमुना घ्या.

फिल्मचे कण हा दोष समजून पुसणारे लोक भेटतात. कण गेले की चित्र मेणाचं होतं. उलट, जिथे तुम्ही भराव घातलाय तिथे कण कमी पडत असतील तर तेवढ्याच जागी बारीक नॉइज (कृत्रिम कण) घालून आजूबाजूशी जुळवा.

कात्रण किंवा वायरफोटोच हाती असेल तर जाळी किंवा रेघा आधी काढाव्या लागतात. फूरिये रूपांतराचं प्लगइन चित्राचं रूपांतर तारकांच्या नकाशासारख्या दृश्यात करतं. मधला मोठा उजेड म्हणजे चित्र, आजूबाजूला नियमित अंतरावर उमटलेले ठिपके म्हणजे जाळी. ते ठिपके काळे करा, मधल्याला स्पर्श नको, आणि उलट रूपांतर करा. रेघा जातात, पण जो तपशील छपाईतच हरवला तो परत येत नाही.

फाटलेलं आणि हरवलेलं

तुकडे असतील तर ते चिकटवून नाही, शेजारी थोड्या अंतरावर ठेवून स्कॅन करा आणि पडद्यावर जुळवा. फाटलेल्या कडेचा पांढरा तंतू दोन्ही बाजूंनी मास्क केला की बऱ्याचदा सांधा आपोआप बसतो.

एखादा कोपराच नसेल तर? तिथे फक्त फरसबंदी किंवा भिंत होती अशी दुसऱ्या फ्रेमवरून खात्री पटत असेल, तर आजूबाजूच्या पोतावरून भरता येईल. दुसऱ्या फ्रेममधून तुकडा आणणं हे स्थिर वस्तूंपुरतंच, आणि तेव्हाही कॅमेऱ्याची जागा थोडी वेगळी असल्याने कोन जुळत नाही हे लक्षात ठेवा. माणसाचा हात, बूट किंवा मागे उभा असलेला दुभाषा गेलेला असेल तर ती जागा आजूबाजूच्या सरासरी राखाडी छटेने सपाट भरा. लांबून ती डोळ्यांत खुपत नाही आणि जवळून पाहणाऱ्याला स्पष्ट कळतं की इथे काही नव्हतं. मागच्या रांगेतला अर्धवट दिसणारा माणूस नको म्हणून फोटो कापणं तर मुळीच नको. या बैठकांमध्ये बोलेन, पावलोव्ह, बर्स हे दुभाषे नेत्यांच्या इतकेच जवळ असायचे, आणि नाव माहीत नसलेल्या चेहऱ्याला कुणीतरी पुढे ओळखू शकतं.

चेहरे सगळ्यात शेवटी

बाकी सगळा फोटो झाल्यावर, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी. मागच्या रांगेतला चेहरा प्रिंटवर अर्ध्या इंचाचा असेल तर ६०० पीपीआयला तो जेमतेम ३०० पिक्सेलचा. तिथे ब्रश तीन ते पाच पिक्सेलपलीकडे जायला नको. डोळ्यांच्या कडा, ओठांची रेघ आणि नाकाची सावली यांवर फक्त स्पष्ट दिसणारा धुळीचा कण काढा. घडीने एक डोळा खाल्ला असेल तर दुसरा डोळा उलटा करून तिथे बसवायचा नाही. कुठल्याही माणसाचे दोन डोळे सारखे नसतात. घडीच्या कडेची कातडी शेजारच्या कातडीवरून सावरा, गेलेला डोळा गेलेलाच राहू द्या.

स्टालिनच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते आणि सोव्हिएत अधिकृत फोटोंमध्ये ते रिटचिंग करून घालवले जात. तुम्ही ‘नॉइज’ म्हणून त्या गालांवर ब्रश फिरवलात, तर मॉस्कोतल्या रिटचरचं राहिलेलं काम पूर्ण केलंत एवढंच.

कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘चेहरा सुधारणा’ इथे का चालत नाही, तेही यातच आलं. ते साधन तुमच्या फोटोत लपलेला तपशील शोधत नाही. शिकलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून तिथे शोभेल असा चेहरा काढतं. पापण्या मोजता येतात इतका स्पष्ट, आणि माणूस दुसराच. पदकांच्या फितींचं आणि टेबलावरच्या कागदांचंही तेच होतं. फितींचे पट्टे कुठल्याच देशाचे राहत नाहीत. भिंतीवरचे किंवा फरशीवरचे ओरखडे भरायला अशी साधनं वापरायचीच असतील तर वेगळ्या लेयरवर, मास्क लावून, नोंद ठेवून.

जुन्या रिटचिंगचं काय करायचं

प्रेस-प्रिंटवर कधीकधी पांढऱ्या रंगाने ठळक केलेली कॉलरची कड, काळ्या शाईने ओढलेली खांद्याची रेघ, किंवा राखाडी रंगाने बुजवलेली अख्खी पार्श्वभूमी सापडते. टॉर्च अगदी तिरपा धरला की रंगाचा थर उठून दिसतो. ही इजा नव्हे, त्या प्रिंटच्या आयुष्यातला एक टप्पा आहे. बर्लिनमधल्या राइशस्टागवर (जर्मन संसदभवनावर) झेंडा फडकवतानाचा सोव्हिएत छायाचित्रकार येव्हगेनी खाल्देई यांचा २ मे १९४५ चा फोटो आठवा. एका सैनिकाच्या मनगटावरचं दुसरं घड्याळ निगेटिव्हवरून खरवडलं गेलं आणि नंतर धूरही वाढवला गेला. तो बदल आज त्या फोटोच्या इतिहासाचाच भाग आहे.

म्हणून रिटच केलेला प्रिंट असेल तर रंगाचा थर तसाच ठेवा. त्याखाली काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि जे भराल तो अंदाज असेल. रिटच न केलेली प्रत मिळाली तर ती स्वतंत्र फोटो म्हणून दुरुस्त करा.

रंग भरण्याबद्दलही हेच म्हणणं. करड्या छटेवरून मूळ रंग परत मिळत नाही, एकाच छटेचे हिरवे, तांबडे, निळे निघू शकतात. याल्टासाठी तर अंदाजाची गरजच नाही. रूझवेल्ट यांचे सल्लागार हॅरी हॉपकिन्स यांचा मुलगा रॉबर्ट हॉपकिन्स लष्करी छायाचित्रकार म्हणून तिथे होता आणि त्याने रंगीत फिल्मवर फोटो काढलेले आहेत. रंग पाहायचे तर ते पाहावेत.

जपणूक आणि ओळी

तीन फाइल ठेवा: न छेडलेला मूळ स्कॅन, सगळे लेयर शाबूत असलेली कामाची फाइल, आणि सपाट केलेली १६-बिट टिफ. वाटण्यासाठी जेपेग यातून कधीही काढता येते. शार्पनिंग लागलंच तर फक्त त्या वाटायच्या प्रतीवर, तिच्या आकारानुसार. मूळ स्कॅनचा शा-२५६ चेकसम (फाइलचा आकडे-अक्षरांतला ठसा) काढून लिहून ठेवा, म्हणजे पुढे फाइल बदलली की कळेल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मूळ प्रिंट पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पीव्हीसीत नव्हे, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. मागे काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, चित्राच्या जागेच्या बाहेर.

काय केलं ते फाइलच्या आयपीटीसी माहितीत (फाइलमध्येच साठणाऱ्या वर्णनात) लिहा आणि चित्राखालच्या ओळीतही. ‘पुनर्संचयित’ एवढा एकच शब्द लिहिण्यात काही अर्थ नाही, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. असं लिहा: ‘याल्टा परिषद, लिवाडिया राजवाडा, फेब्रुवारी १९४५. जिलेटिन सिल्व्हर प्रिंटवरून स्कॅन. पिवळा डाग, धूळ आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातली घडी डिजिटल पद्धतीने काढली आहे. डावीकडचा हरवलेला कोपरा सपाट राखाडी ठेवला आहे. चेहऱ्यांवरून फक्त धूळ काढली आहे. चौकट कापलेली नाही.’